पूर्ण एक मिनिट

काल ड्यूटी संपताना तू म्हणालीस, "रात्रभर मी केलं तरी काय? बाळाची आई सारखी विचारत होती, औषध कधी देणार?" तेव्हा बोलले नाही. दमले होते, थोडी चिडलेही होते.

अगं, बाळाला ब्राँकिओलायटिस आहे, छातीतल्या बारीक श्वासनळ्यांचा आजार. त्यात द्यायला औषध फारसं नसतंच. बहुतेकदा आरएसव्ही विषाणू, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. अगदी बारीक श्वासनळ्या सुजून चिकट स्रावाने भरलेल्या, त्यामुळे नेब्युलायझरचाही सहसा उपयोग नाही. लागला तर ऑक्सिजन, पोटात दूध, आणि बाळाकडे बघणं. तू तेच केलंस.

फक्त श्वास मोजताना पूर्ण एक मिनिट मोज. झबलं वर कर. बरगड्यांखाली खड्डा पडतोय का, नाकपुड्या फुलतायत का, हे मॉनिटर सांगत नाही.

मी एकदा पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं होतं. चार्टवर ४४ लिहिलं, आकडा ठीकच वाटला. आजाराचा चौथा दिवस, रात्रभर धापा टाकणारं बाळ शांत पडलेलं. वाटलं, लागला डोळा. डोळा लागला नव्हता, ते थकलं होतं. मिनिटभर थांबले असते तर मधूनमधून श्वास अडकतोय हे दिसलं असतं. सीनियर सिस्टरने आल्या आल्या झबलं वर केलं आणि डॉक्टरांना हाक मारली. बाळ वाचलं. पण ते ४४ माझ्याच अक्षरातलं आहे.

म्हणून पूर्ण मिनिट. कंटाळा आला तरी.

मला 'काही न करणारी सिस्टर' म्हणायचे. म्हणोत. झोपलेल्या बाळाला मी दर तासाला चाळवू देत नसे. ताप, लंगोट, दूध, सगळं एका खेपेत. नाकही दूध पाजण्याआधी, वरवरच साफ करायचे. सक्शनची नळी पुन्हा पुन्हा आत घातली की सूज वाढते. याला आळस म्हणणाऱ्यांनी एक रात्र माझ्या जागी काढावी.

त्या आईला सांग, तिसरा ते पाचवा दिवस सगळ्यात अवघड, खोकला दोन-तीन आठवडेही रेंगाळतो. दूध नेहमीच्या निम्म्यावर आलं किंवा बारा तासांत लंगोट ओला झाला नाही, तर तू डॉक्टरांना लगेच कळव, सकाळची वाट बघू नकोस.

आणि मोबाइलवर काय मोजतेस? माझं सेकंदकाट्याचं घड्याळ टेबलाच्या खणात ठेवलंय. पट्टा सैल आहे, पण काटा बरोबर चालतो.