एनओसीवर सही करू नका

मिरजेच्या एका वाचक ताईंनी लिहिलं आहे: घरबसल्या डेटा एन्ट्रीचं काम घेतलं. सहा दिवसांत पाचशे फॉर्म, मोबदला पंधरा हजार. लिंकवर सही केली, आधारचा फोटो पाठवला. काम दिल्यावर उत्तर आलं, ‘अचूकता ९० टक्क्यांहून कमी, पैसे मिळणार नाहीत, उलट ६,८०० रुपये भरा.’ पाठोपाठ एका वकिलाच्या नावाने व्हॉट्सॲपवर नोटीस आली: आज भरा, नाहीतर कलम ४२० खाली गुन्हा आणि अटक. ताईंनी घाबरून ३,५०० भरले. उरलेले भरले की एनओसी, म्हणजे ना-हरकत प्रमाणपत्र मिळेल, असं आता सांगतात. ‘देऊन मोकळी होऊ का?’ असा ताईंचा प्रश्न आहे.

नाही. एक रुपयाही देऊ नका.

याच मजकुराची पत्रं मला वरचेवर येतात, फक्त कंपनीचं नाव बदलतं. ही फसवणूक आहे हे तुमच्याही लक्षात आलं आहे, तेव्हा त्यावर जागा घालवत नाही. तुम्हाला झोप लागू देत नाही ती करारातली अट क्रमांक ११: ‘अचूकता कमी भरल्यास कामगार कंपनीला ६,८०० रुपये देणे लागेल.’ ही अट खरी धरून चालू. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ७४ सांगतं की करारात दंडाची रक्कम लिहिली असली तरी मिळते ती वाजवी भरपाईच. लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा. कैलाश नाथ विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या २०१५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की नुकसान झालंच नसेल तर भरपाईही नाही. तुमच्या फॉर्ममुळे यांचं काय नुकसान झालं? अचूकता मोजली कोणी? त्यांनीच. चूक ठरवणार ते, रक्कम ठरवणार ते, वसूल करणारही तेच, असा अधिकार कोणताही करार देत नाही. त्यांना दिवाणी दावा लावून पुरावा द्यावा लागेल. तो ते लावतील असं मला वाटत नाही, कारण दाव्यात स्वतःचं नाव-पत्ता द्यावा लागतो.

अटकेचं म्हणाल तर, करारातलं काम कमी पडणं हा गुन्हा नाही. शिवाय ४२० हे जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम, आणि १ जुलै २०२४ पासूनच्या कृत्याला ती संहिताच लागू नाही. आज फसवणुकीचं कलम आहे भारतीय न्याय संहितेचं ३१८. तुमचं काम यंदाचं, आणि नोटिशीत ४२०! समन्स आता इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेही बजावता येतं, म्हणून व्हॉट्सॲपवर आलं एवढ्यावरून मी कोणताही कागद खोटा ठरवणार नाही. पण समन्स न्यायालय काढतं, वकील नाही. खटला खरा असेल तर त्याला सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो, तो ई-कोर्टच्या संकेतस्थळावर टाकून पाहा. त्या वकिलाला सनद क्रमांक, म्हणजे वकिलीच्या परवान्याचा क्रमांकही विचारा.

आता खरा धोका. त्यांनी पाठवलेल्या एनओसीच्या मसुद्यात एक ओळ आहे: ‘माझ्या चुकीमुळे कंपनीचे नुकसान झाले असून मी देणे मान्य करते.’ आज तुमची बाजू भक्कम आहे. ती गमवाल तर या ओळीखाली सही करून. पहिल्या करारावर न वाचता सही केलीत, ‘एवढं कोण वाचतं’ असंही लिहिलंत. ताई, आधार आणि सही देण्याआधी दोन पानं वाचायला हवी होती. निदान हे वाचा.

दुसरी चूक उशिराची, आणि ती मला जास्त लागते. पैसे भरून अकरा दिवस झाले आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला अजून फोन नाही. त्याच दिवशी कळवलं असतं तर रक्कम समोरच्या खात्यात गोठवता येण्याची बरीच शक्यता होती. आता ती पुढच्या खात्यांत फिरली असेल, परत मिळेल असं आश्वासन मी देत नाही. तरी आजच फोन करा, सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, चॅट आणि नोटीस जोडा. काही पुसून टाकू नका. हद्दीचं कारण सांगून पोलीस परत पाठवू लागले तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ दाखवा. गुन्हा कुठेही घडला असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. तरीही टाळलं तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी पाठवा. तपास किती लांबेल ते सांगता येत नाही.

आधार त्यांच्याकडे गेलं आहे, म्हणून बायोमेट्रिक लॉक करा, संचार साथी या सरकारी पोर्टलवर तुमच्या नावाची सिमकार्डं तपासा आणि तुमच्या नावावरची कर्जं दाखवणारा क्रेडिट रिपोर्ट मागवा. तो वर्षातून एकदा मोफत मिळतो.

नव्या कामाबद्दलही विचारलंत. केंद्र सरकारच्या नॅशनल करिअर सर्व्हिसवर नोंदणी फुकट आहे, तिथून शोध सुरू करा. कंपनी कंपनी-व्यवहार मंत्रालयाच्या यादीत आहे का तेही पाहा, मात्र यादीत असणं म्हणजे सचोटीचा दाखला नव्हे. नोंदणी, प्रशिक्षण, अनामत, कोणत्याही नावाने आधी पैसे मागितले तर तिथेच थांबा.

आणि समजा, खरंच न्यायालयाचं समन्स आलं, तर ते बाजूला टाकू नका, तारखेला हजर राहा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. सांगलीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा, किंवा १५१०० ला फोन लावा.