शेहेचाळीस सामने आणि एका वर्षाचा करार

वाचकांचे प्रश्न : क्रीडा

प्रश्न : माझा सोळा वर्षांचा मुलगा कामठीत फुटबॉल खेळतो, स्टॉपर म्हणजे मधला बचावपटू म्हणून. इंग्लंडच्या तिसऱ्या-चौथ्या श्रेणीत खेळलेल्या एका बचावपटूची माहिती त्याने मला मोबाइलवर दाखवली. पंधरा वर्षांत आठ क्लब, त्यांतही काही ठिकाणी उसनवारीवर (करार एका क्लबशी, खेळ काही काळ दुसऱ्यासाठी), आणि गोल बोटांवर मोजण्याइतके. “बाबा, याला यश म्हणायचे की अपयश?” या त्याच्या प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही. आपण द्याल का?
— एक पालक, कामठी

उत्तर : आपल्या चिरंजीवांनी दाखवलेली यादी वरवर पाहता सरकारी नोकराच्या सेवापुस्तकासारखी दिसते : दर दोन वर्षांनी बदली, नवे गाव, नवा साहेब. मात्र गडचिरोलीहून भंडाऱ्याला बदली झालेल्या कारकुनाला पुढच्या महिन्याच्या पगाराची खात्री असते, तशी खात्री या खेळाडूला ३० जूननंतर नसते, कारण तिथले करार साधारणपणे त्याच दिवशी संपतात. हंगाम संपला, की कोणाला ठेवले आणि कोणाला मोकळे केले याची यादी प्रत्येक क्लब जाहीर करतो. खालच्या श्रेणींत एका किंवा दोन वर्षांचा करार हीच रीत असल्याने पंधरा वर्षांत आठ क्लब ही संख्या मुळीच मोठी नाही. उलट, आठ वेळा कोणाला तरी तो हवासा वाटला, असाही तिचा अर्थ होतो.

आधी तिथली शिडी समजून घ्यावी. सर्वांत वर प्रीमियर लीगचे २० क्लब आणि त्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन व लीग टू या तीन श्रेणींत प्रत्येकी २४, असे एकूण ९२ क्लब होतात. (लीग वन ही पहिली नव्हे, तिसरी श्रेणी. २००४ मध्ये हे नामकरण करणाऱ्यांनी आम्हा स्तंभलेखकांचा विचार केलेला दिसत नाही.) लीग टूच्या तळाचे दोन क्लब नॅशनल लीग या पाचव्या श्रेणीत घसरतात. घसरण झाली की क्लबचे उत्पन्न आटते, आणि ती कात्री खेळाडूंच्या करारांना लागते. शिवाय प्रशिक्षक बदलला की नवा प्रशिक्षक बहुधा आपल्या ओळखीचे बचावपटू घेऊन येतो, आणि जुन्या बचावपटूने काही वाईट केलेले नसतानाही त्याला जागा सोडावी लागते.

म्हणून अशा यादीत क्लबांची नावे किंवा गोल पाहू नयेत, खेळलेल्या सामन्यांचा रकाना पाहावा. या श्रेणींत ऑगस्ट ते मे या काळात प्रत्येक क्लब ४६ साखळी सामने खेळतो. चषक स्पर्धांचे सामने निराळे. शनिवारी एक सामना, मंगळवारी रात्री दुसरा, मध्ये बसचा लांबचा प्रवास, आणि जानेवारीत ओल्या, जड मैदानावर प्रतिस्पर्ध्याच्या धिप्पाड आघाडीपटूशी दीड तास हवेत चाललेली झुंज. अशा हंगामात ज्या बचावपटूच्या नावापुढे ४० किंवा त्याहून अधिक सामने दिसतात, त्याला प्रशिक्षकाने आठवड्यामागून आठवडा निवडलेले असते. त्याने अडवलेले चेंडू, दिलेल्या हाका, सहकाऱ्याची चूक झाकण्यासाठी घेतलेली धाव, यांतले काहीच त्या यादीत उमटत नाही. उमटते ती फक्त निवड. याउलट एखाद्या वर्षी पाच-सहाच सामने दिसले, तर दुखापत किंवा मर्जीतून उतरणे, यांपैकी एक कारण बहुधा असते.

उसनवारीला कमीपणा समजू नये. डॅन बर्न या इंग्लिश बचावपटूची गोष्ट चिरंजीवांना अवश्य सांगावी. लहानपणी न्यूकॅसलच्या अकादमीने त्याला नाकारले. पुढे डार्लिंग्टनमधून तो फुलहॅमला गेला, तर त्या क्लबने त्याला तिसऱ्या श्रेणीतील येओव्हिलकडे उसना दिला. २०१३ मध्ये वेम्बलीवर झालेल्या बढतीच्या अंतिम सामन्यात त्याच येओव्हिलसाठी त्याने गोल केला. नंतर विगनबरोबर तो लीग वनचा विजेता ठरला, ब्रायटनमार्गे २०२२ मध्ये न्यूकॅसलला परतला, आणि मार्च २०२५ मध्ये लिव्हरपूलविरुद्धच्या लीग कप अंतिम सामन्यात हेडरने गोल करून पाचच दिवसांनी, ३२ व्या वर्षी, इंग्लंडकडून पहिला सामना खेळला. हा अपवाद आहे, हेही त्याच दमात सांगावे.

एकाच क्लबात जन्म काढणारेही झाले. स्विंडन टाउनचा डावा बचावपटू जॉन ट्रोलोप १९६० ते १९८० या काळात त्या एका क्लबकडून ७७० साखळी सामने खेळला. १९६९ मध्ये तिसऱ्या श्रेणीतील स्विंडनने आर्सेनलला ३-१ असे हरवून लीग कप जिंकला, त्या संघातही तो होता. अशा कारकिर्दीला निष्ठा म्हणण्याची पद्धत आहे आणि ती निष्ठा होतीही. परंतु त्या काळी करार संपल्यावरही खेळाडूला अडवून ठेवण्याची मुभा क्लबला होती, हे विसरून चालणार नाही. आठवड्याला २० पौंड ही कमाल वेतनाची मर्यादा १९६१ मध्ये उठली, आणि करार संपताच कोणतीही रक्कम न मोजता दुसरीकडे जाण्याचा हक्क युरोपीय न्यायालयाने १९९५ मध्ये बॉसमन या खेळाडूच्या खटल्यात दिलेल्या निकालानंतर रुळला. तो हक्क दुधारी आहे : खेळाडू मोकळा होतो, तसा क्लबही मोकळा होतो.

तेव्हा चिरंजीवांना माझे उत्तर असे, की त्या यादीत बहुतेक वर्षी तीस-चाळीस सामने असतील, तर ते निःसंशय यश आहे.

प्रश्न : पस्तिशीनंतर असा खेळाडू पोट कसे भरतो?
— एक वाचक, धंतोली, नागपूर

उत्तर : बहुतेकांना दुसरा व्यवसाय धरावाच लागतो, कारण खालच्या श्रेणीतील कमाईवर उरलेले आयुष्य निघत नाही. १९०७ मध्ये स्थापन झालेली खेळाडूंची संघटना शिक्षणासाठी व प्रशिक्षक-परवान्यांसाठी मदत करते. हाती कसब असले तर उत्तमच : इंग्लंडचा नामवंत बचावपटू स्टुअर्ट पिअर्स वील्डस्टोन या छोट्या क्लबकडून खेळत असताना इलेक्ट्रिशियन होता. काहींची पस्तिशी मात्र लांबते. स्कंथॉर्प, ल्यूटन आणि प्रेस्टन अशा क्लबांतून घडलेला ग्रॅहॅम अलेक्झांडर बर्नलीकडून प्रीमियर लीगमधला पहिला सामना २००९ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी खेळला, कारकिर्दीत एक हजारांहून अधिक सामने खेळून निवृत्त झाला आणि मग प्रशिक्षक झाला.

प्रश्न : आपल्याकडचा मुलगा तिथे जाऊन खेळू शकतो का?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, नागपूर

उत्तर : भारतीय पारपत्रावर ते फार कठीण आहे. कामाच्या परवान्यासाठी लागणारी तिथल्या फुटबॉल संघटनेची संमती गुणांवर ठरते, आणि आंतरराष्ट्रीय सामने व खेळत असलेल्या लीगचा दर्जा यांना त्यात मोठे वजन आहे. बायचुंग भुतिया १९९९ मध्ये बरी या तेव्हा तिसऱ्या श्रेणीत असलेल्या क्लबात गेला, तो भारताचा आघाडीचा खेळाडू म्हणूनच. त्याच बरी क्लबला आर्थिक दिवाळखोरीच्या कारभारामुळे २०१९ मध्ये लीगमधून काढून टाकण्यात आले आणि खेळाडूंना ऐन हंगामात नवे क्लब शोधत फिरावे लागले.

शिकण्यासाठी मात्र परवाना लागत नाही. तिथले शनिवारी दुपारी तीनचे सामने हिवाळ्यात आपल्या घड्याळाप्रमाणे रात्री साडेआठला सुरू होतात. जमेल तेव्हा एखादा पाहावा, आणि चेंडू दुसऱ्या बाजूला असताना स्टॉपर कोठे उभा आहे, तेवढेच पाहत राहावे.