फूसांग म्हणजे मेक्सिको? घोडे आडवे येतात

"काश्मीरचे पाच भिक्षू कोलंबसाच्या हजार वर्षं आधी मेक्सिकोत पोचले होते, हे कितपत खरं?" असं तुम्ही विचारलंय, आणि सोबत तो फॉरवर्डही चिकटवलाय. हा माझ्या जुन्या ओळखीचा आहे. दर वेळी थोडा वेश बदलून येतो, पण 'ग्वाटेमाला म्हणजे गौतमालय' हे शेपूट काही सुटत नाही. आधी तेच कापू या. ग्वाटेमाला हे नाव मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतल्या 'भरपूर झाडांचा मुलूख' अशा अर्थाच्या शब्दावरून आलंय. गौतमाचा तिथे काही संबंध नाही.

बाकीची गोष्ट मात्र कुणी हवेतून काढलेली नाही. चीनच्या ल्यांग राजघराण्याचा इतिहास सातव्या शतकात लिहिला गेला. त्यात म्हटलंय की इ. स. 499 मध्ये हुई-शेन नावाचा एक श्रमण, म्हणजे बौद्ध भिक्षू, पूर्वेकडच्या फूसांग नावाच्या देशातून चीनमधल्या चिंगचौ इथे आला आणि त्याने त्या देशाची हकीकत सांगितली. तिथे पूर्वी बुद्धधर्म नव्हता, पण 458 मध्ये चिपिन देशाचे (म्हणजे काश्मीर-गांधाराकडचे) पाच भिक्षू तिथे गेले, ग्रंथ आणि मूर्ती नेल्या, आणि लोकांचे रीतिरिवाज बदलले. फॉरवर्डमधलं खरं ते एवढंच. त्यात जहाजाचा उल्लेख नाही. भिक्षू 'फिरत फिरत' गेले असा शब्द आहे, आपण चारिका म्हणतो तसा. शीड, वादळ, पॅसिफिक हे सगळं नंतर भरलेलं.

भरलं कुणी? 1761 मध्ये द गिन्य या फ्रेंच चिनी-अभ्यासकाने फूसांग म्हणजे अमेरिका असं मांडलं. 1831 मध्ये क्लाप्रोथ या जर्मन अभ्यासकाने ते खोडून काढलं आणि फूसांग जपानच्या आसपास शोधा म्हणून सांगितलं. तरी 1875 मध्ये लेलँड आणि 1885 मध्ये व्हायनिंग या अमेरिकनांनी त्यावर पुस्तकं लिहिली. व्हायनिंगचा ठोकळा तर चांगला सातशे पानांच्या वर आहे.

या मंडळींना मी वेडं म्हणणार नाही. मजकूर खरोखरच भुरळ घालणारा आहे. फूसांगमध्ये लोखंड नाही पण तांबं आहे, सोन्याचांदीला किंमत नाही, झाडाच्या सालीपासून कापड आणि कागद करतात. मेक्सिकोतही सालीचा कागद होताच. अंतर बघा: जपानपासून टप्प्याटप्प्याने बेरीज केली तर 32,000 ली (ली हे अंतराचं चिनी माप), म्हणजे ढोबळमानाने तेरा हजार किलोमीटर. नकाशावर पट्टी ठेवली की अमेरिका लागणारच!

पण त्याच परिच्छेदात पुढे घोड्यांच्या गाड्या आहेत, बैलांच्या गाड्या आहेत, हरणांच्याही गाड्या आहेत. अमेरिकेतले मूळचे घोडे सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच नामशेष झाले. पुन्हा आले ते स्पॅनिश लोकांबरोबर. पाळीव बैलांचीही तीच कथा, आणि ओझं वाहायला चाकाची गाडी तिथे नव्हतीच. हरणं पाळून त्यांच्या दुधाचे पदार्थ करणारे लोक म्हटलं की मला तरी सैबेरियाकडचे रेनडियरवाले आठवतात. सालीचा कागद जपानातही आहे. आणि राजाच्या कपड्यांचा रंग ठराविक वर्षांनी बदलतो, तो चिनी कालगणनेच्या दहाच्या चक्राप्रमाणे. मेक्सिकोचा राजा चिनी पंचांग बघून कपडे घालत होता का?

शिवाय हाच हुई-शेन सांगतो की फूसांगच्या पूर्वेला हजार ली अंतरावर बायकांचं राज्य आहे. तिथल्या बायका पाण्यात उतरल्या की गरोदर होतात आणि मुलांना मानेवरच्या केसांतून दूध पाजतात. फॉरवर्डवाले हा भाग कधीच पाठवत नाहीत. ते अंतर घ्यायचं आणि हे सोडायचं, असं कसं चालेल?

जहाजाच्या 'नांगराचे चिनी दगड' हा पुरावाही देतात. 1975 मध्ये कॅलिफोर्नियाच्या पालोस व्हर्डेसजवळ समुद्रात भोकं पाडलेले दगड सापडले होते. तपासल्यावर दगड तिथल्याच किनाऱ्याचा निघाला. ते एकोणिसाव्या शतकातल्या चिनी कोळ्यांचे असण्याचीच शक्यता जास्त.

मी स्वतः एक साधी कसोटी लावतो: त्या वाटेवर व्यापारी होते का? भिक्षूकडे स्वतःचं जहाज नसतं, तो उतारू असतो. फाहियान हा चिनी भिक्षू बघा. 399 मध्ये तो चीनमधल्या चांगआनहून खुष्कीच्या वाटेने भारतात आला, परतताना मात्र बंगालमधल्या ताम्रलिप्ती बंदरातून सिंहलद्वीपाला (श्रीलंकेला) आणि पुढे व्यापाऱ्यांच्या जहाजाने निघाला. दोनशेवर माणसं, वादळ, तळाला गळती. व्यापारी माल समुद्रात फेकू लागले, तेव्हा त्याने आपली घागर आणि भांडं टाकलं, पण ग्रंथ आणि मूर्ती छातीशी धरून अवलोकितेश्वराचा, म्हणजे संकटात धावून येणाऱ्या बोधिसत्त्वाचा, धावा केला. नव्वद दिवसांनी जहाज येपोतीला, म्हणजे जावा-सुमात्राकडे लागलं. पुढच्या जहाजावर पुन्हा वादळ झालं, तेव्हा या श्रमणामुळेच संकट आलं, याला बेटावर उतरवा, असं ब्राह्मण उतारू म्हणू लागले. 412 मध्ये तो कसाबसा चीनला टेकला. (येपोती म्हणजेही अमेरिका असं चांग थाययान या चिनी विद्वानाने मांडलं होतं. नव्वद दिवसांत सिंहलद्वीपाहून अमेरिका! हौसेला मोल नाही.)

या कसोटीवर पश्चिमेचा समुद्रही उतरतो. अरबी समुद्रातल्या सोकोत्रा बेटावरच्या होक गुहेत भारतीय खलाशी-व्यापाऱ्यांनी ब्राह्मी लिपीत नावं कोरून ठेवली आहेत, त्यात भरुकच्छचे (आजच्या भरूचचे) लोक आहेत आणि स्तूपाची चित्रंही. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात, इसिस या इजिप्शियन देवीच्या देवळात, संगमरवरी बुद्धमूर्ती सापडली. 2023 मध्ये ती जाहीर झाली. उंची 71 सेंटिमीटर. सोबत सातवाहनांची नाणीही मिळाली, म्हणजे ही वाट आपल्या सोपाऱ्या-कल्याणच्या बाजूने जाणारी. मूर्ती नेणारा भिक्षू होता की व्यापारी, हे मूर्तीवरून कळत नाही. पण ती तिथे होती, आणि तिला 'गौतमालया'ची गरज पडत नाही.

तुम्ही औरंगाबादला (आताच्या छत्रपती संभाजीनगरला) जाणार असाल तर लेणी क्रमांक 7 चुकवू नका. व्हरांड्याच्या भिंतीवर मधोमध अवलोकितेश्वर उभा आहे आणि दोन्ही बाजूंना आठ संकटं: आग, हत्ती, सिंह, साप वगैरे. त्यातलंच एक आहे जहाज. वरची माणसं हात जोडून बसलीत. फाहियानच्या जहाजावर काय चाललं असेल ते बघायचं, तर तिथे पाच मिनिटं थांबा.