सासऱ्यांची इनोव्हा विका, पण आधी ती नावावर करून घ्या

साताऱ्याच्या एका शिक्षिका ताईंनी विचारलं आहे. डिसेंबर २०१२ चं पासिंग असलेली अडीच लिटर डिझेल इनोव्हा आहे, १ लाख ८० हजार किलोमीटर पळालेली. गाडी सासऱ्यांच्या नावावर आहे आणि ते जाऊन आठ महिने झाले. शेवटची तीन वर्षं त्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागे. म्हणून मधली डावी सीट दाराबाहेर वळून खाली येईल अशी बसवून घेतली. मागची सीट काढून तिथे आडवं होता येईल असा बाक आणि व्हीलचेअरची जागा केली. या सगळ्यावर २ लाख ४० हजार खर्च झाले. गाडीबाजारवाला ४ लाख ४० हजार देतोय. पुतण्या पाच लाख द्यायला तयार आहे, पण महिन्याला वीस हजार असे, आणि 'नावावर नंतर करू' म्हणतोय. ताईंना सात लाखांच्या खाली जायला जड जातंय. रोजच्या वापराला वॅगनआर आहे, इनोव्हा वर्षाला जेमतेम चार हजार किलोमीटर फिरते. ठेवावी, पुतण्याला द्यावी की बाजारात विकावी?

ताई, गाडी विकावी असं माझं स्पष्ट मत आहे. पण ज्या गोष्टीचा तुमच्या पत्रात एका ओळीत उल्लेख आहे, ती सगळ्यात तातडीची आहे. गाडी अजून सासऱ्यांच्या नावावर आहे. त्यामुळे आज ती ना तुम्ही विकू शकता, ना तुमचे यजमान.

नोंदणीधारक वारल्यावर वारसाने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची असते. दोन्ही मुदती उलटल्या आहेत. दंड भरून काम होईल, पण आता लांबवू नका. मृत्यूचा दाखला, आरसी, चालू विमा, पीयूसी आणि बाकीच्या वारसांचं संमतिपत्र गोळा करा. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरप्लेटही हवी, ती नसेल तर आरटीओत काम अडतं. विम्याचं याहून नाजूक आहे. पॉलिसी मृताच्या नावावर असेल तर ती मृत्यूनंतर तीन महिने किंवा मुदत संपेपर्यंत, जे आधी येईल तोवरच धरली जाते. विमा कंपनीकडून लेखी खुलासा येईपर्यंत गाडी कृपा करून रस्त्यावर काढू नका. देवदर्शनालासुद्धा नाही.

सासऱ्यांनी मृत्युपत्र केलं नसेल तर सासूबाई आणि त्यांची सगळी मुलं या गाडीचे वारस आहेत. म्हणजे तुमच्या दिरांचा आणि नणंदेचाही त्यात वाटा आहे. 'पुतण्याला स्वस्तात देऊ' हे तुम्ही दोघांनी परस्पर ठरवायचं नाही. सगळ्यांना एकदा समोरासमोर बसवा. २ लाख ४० हजार तुम्ही दोघांनी घातले असतील तर तेही तिथेच, कागदावर मांडून सांगा. आज बोलायला अवघड वाटेल, पण न बोलता राहिलेलं पुढे जास्त बोचतं.

आता किमतीकडे येऊ. सात लाखांचा आकडा तुम्ही कसा काढलात ते लक्षात आलं: बाजारभाव अधिक आपला खर्च. घेणारा असा हिशेब करत नाही. तो इंजिन बघतो, एकाच घरात वापरलेली आहे का, शोरूमचा सर्व्हिस रेकॉर्ड आहे का, अपघात झालाय का ते बघतो, आणि पासिंग किती उरलंय ते विचारतो. तुमचं डिसेंबर २०२७ ला संपतंय. त्यानंतर फिटनेस तपासणी, नूतनीकरणाची फी, पर्यावरण कर, आणि हे सगळं तो आजच किमतीतून वजा करतो. मागच्या बाकामुळे तर किंमत उलट घटते. आरसीवर जितक्या सीटा लिहिल्यात तितक्या गाडीत नाहीत, आणि मूळ रचनेतला असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतो. पुढे लोखंडी क्रॅश गार्ड असेल तर तोही काढून टाका. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच त्यावर कारवाई करायला राज्यांना सांगितलं आहे.

मूळ सीटा माळ्यावर जपून ठेवल्यात असं तुम्ही लिहिलंय, ही फार चांगली गोष्ट आहे. चांगल्या मेकॅनिककडून त्या परत बसवून घ्या, आठ-दहा हजारांत होईल. मग गाडी सव्वापाच लाखांना सांगा. पाचच्या आसपास सौदा झाला तर तो चांगला समजा. वळणारी सीट मात्र गाडीबरोबर फुकट देऊ नका. सासऱ्यांना ज्या डायलिसिस सेंटरला नेत होतात तिथल्या बोर्डावर सीटचा फोटो आणि माप देऊन चिठ्ठी लावा. इनोव्हा असलेल्या एखाद्या घराला तिची खरी गरज असेल, ते तीस-चाळीस हजार आनंदाने देतील. आणि उरलेले पैसे बुडाले असं म्हणू नका, ताई. एका आजारी माणसाला तीन वर्षं कुणी काखेत धरून गाडीत चढवायची वेळ आली नाही. ते पैसे तिथेच वसूल झाले.

गाडी ठेवायची म्हटलं तर वर्षाचा माझा अंदाज असा. विमा सोळा हजार (अडीच लिटरच्या गाडीला नुसता थर्ड पार्टीच ७,८९७ रुपये, वर १८ टक्के जीएसटी), देखभाल तीस हजार, टायर-बॅटरीचा वाटा आठ हजार, डिझेल तीस हजार. पाच लाखांवरचं साडेसहा टक्क्यांनी बुडणारं व्याज साडेबत्तीस हजार. पासिंग संपत येईल तशी घटणारी किंमत वर्षाला पन्नास हजार तरी धरा. बेरीज १ लाख ६६ हजारांवर जाते. तेवढाच प्रवास भाड्याच्या गाडीने, वर्षात पंधरा दिवस, दिवसाला किमान ३०० किलोमीटरचं बिल, अठरा रुपये दर आणि ड्रायव्हरचा पाचशे भत्ता धरून ८८,५०० रुपयांत होतो. टोल दोन्हीकडे सारखाच.

एका कारणाने मात्र माझं उत्तर बदलेल. सासूबाईंचे गुडघे दुखतात असं तुम्ही लिहिलंय. त्यांना वॅगनआरमध्ये चढता-उतरता येत नसेल आणि महिन्यातून तीन-चारदा दवाखान्यात न्यावं लागत असेल, तर ती सीट आजही कामाची आहे. मग गाडी ठेवा, पैशांचा विचार करू नका. फक्त बदलाची आरटीओकडे आणि विमा कंपनीकडे रीतसर नोंद होते का ते विचारून घ्या.

पुतण्याच्या प्रस्तावाला याच रूपात नाही म्हणा. पाच लाख फिटायला पंचवीस महिने लागतील, आणि तोवर गाडी तुमच्याकडच्या नावावर, चालवणारा तो. विकलेली गाडी कागदावर ज्याच्या नावावर राहिली, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे. त्याला मदत करायचीच असेल तर निम्मे पैसे आधी घ्या, नावावर करून द्या आणि उरलेल्यांचा साधा करार करा. सवलत किती ते सगळ्या वारसांनी मिळून ठरवावं.

बाहेर विकलीत तर विसार बँकेतूनच घ्या. एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड घेणाऱ्याला बसतो. घरगुती वापराच्या गाडीवर भांडवली नफ्याचा कर नाही, ती काळजी सोडा. कोऱ्या टीटी फॉर्मवर, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या अर्जावर, सही करून देऊ नका, घेणाऱ्याचं नाव आणि तारीख भरलेली असेल तरच करा. गाडीबाजारवाल्याला दिलीत तर तो आरटीओकडचा अधिकृत डीलर आहे का ते बघा. असेल तर फॉर्म २९सी ऑनलाइन भरून गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची नोंद होते आणि पुढची जबाबदारी त्याची.

आलेल्या पैशांतून आधी वारसांचे वाटे द्या. तुमच्या वाट्याची वेगळी एफडी करून तिला प्रवासाचा पैसा म्हणा आणि भाड्याच्या गाड्यांचा खर्च त्यातूनच करा. मोठ्या नव्या गाडीसाठी निवृत्तीच्या ठेवी मोडू नका. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या डिझेल गाडीला रोड टॅक्सच चौदा टक्के आहे. किल्ली देण्याआधी जुनी ई-चलनं भरा, फास्टॅग बंद करा आणि गाडी ताब्यात दिल्याची तारीख-वेळ लिहून घेणाऱ्याची सही घ्या.