रात्री पावणेअकराची किंकाळी

“मॅडम, तो डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघतो, पण मला ओळखतच नाही.” एवढं बोलली आणि ती रडायला लागली. शेजारी सासूबाई बसल्या होत्या. त्यांनी सुनेच्या पाठीवर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, “याले मारबतीची नजर लागली जी. त्या दिवसापासूनच सुरू झालं.”

नागपूरच्या महालातलं कुटुंब. मुलगा पावणेतीन वर्षांचा, आपण त्याला छोटू म्हणू. ओळख पटेल असे इतर तपशील मी बदलले आहेत. तान्हा पोळ्याच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या लहान मुलांच्या सणाच्या सकाळी, बाबांच्या खांद्यावर बसून त्याने इतवारीत काळी आणि पिवळी मारबत, मिरवणुकीतले ते मोठाले पुतळे, पाहिले होते. त्याच रात्री तो झोपेतून किंचाळत उठला. मग दर दोन-तीन रात्रींनी, आणि माझ्याकडे समुपदेशनाला आले तेव्हा जवळजवळ रोजच.

आईने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. छोटू दिवाणावर बसलेला, केस घामाने कपाळाला चिकटलेले, छाती धपापतेय, “नाही, नाही” म्हणत आईचे हात ढकलतोय. ट्यूबलाइट लावलेली. बाबा त्याचे खांदे हलवून “बेटा उठ, उठ” म्हणतायत, काका पाण्याचा ग्लास घेऊन उभे, आजी मीठ-मोहऱ्या आणि लाल मिरच्या उतरवतायत. जितकं हलवावं, तितकं पोर जोरात ओरडतंय. बारा मिनिटांनी तो अचानक आडवा झाला आणि झोपून गेला. सकाळी उठून नेहमीसारखे पोहे मागितले. रात्रीचं काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

मी पहिला प्रश्न विचारला तो वेळेचा. किती वाजता झोपला, किती वाजता ओरडला? कोणालाच नक्की सांगता येईना. म्हणून म्हटलं, पुढचे नऊ दिवस कालनिर्णयावर दुधाचा हिशेब लिहिता ना, त्याच चौकटीत या दोन वेळा लिहा.

सोबत काही गोष्टी विचारून घेतल्या, त्या मी प्रत्येकाला विचारते. घोरतो का? तोंड उघडं ठेवून झोपतो का, श्वास मध्येच अडकल्यासारखा वाटतो का? हातपाय ताठ होतात का, एकसारखे झटके येतात का, तोंडातून लाळ गळते का? एका रात्रीत अनेकदा होतं का? यातलं काहीही असेल तर व्हिडिओ घेऊन आधी बालरोगतज्ज्ञाकडे जायचं, माझ्याकडे नंतर. वाढलेल्या टॉन्सिलमुळे झोप मोडत असेल किंवा फिटचा प्रकार असेल, तर समुपदेशनाने तो बरा होणार नाही. छोटूला त्यांच्या डॉक्टरांनी तपासलं होतं, व्हिडिओही पाहिला होता. तसं काही नव्हतं.

नऊ दिवसांनी त्यांनी कालनिर्णयाचं पान आणलं. झोपला 9.40, ओरडला 10.50. झोपला 9.30, ओरडला 10.45. सात रात्री असंच, झोपल्यावर साधारण सव्वा तासाने. दोन नोंदी मात्र वेगळ्या, पहाटे साडेचारच्या. त्या वेळी तो पूर्ण जागा झाला होता, आईच्या गळ्याला मिठी मारून “मारबत, मारबत” म्हणत रडला होता आणि तिला अजिबात सोडत नव्हता.

मला हवं होतं ते त्या पानावर होतं. घरचे ज्याला एकच भीती समजत होते, ती दोन वेगळी दुखणी होती.

झोप लागल्यावर पहिल्या काही तासांत झोप सर्वांत गाढ असते. त्या गाढ झोपेतून मेंदू अर्धवट वर येतो. शरीर उठून बसतं, डोळे उघडतात, आवाज फुटतो, पण मूल झोपलेलंच असतं. याला नाइट टेरर म्हणतात. म्हणून ते ओळखत नाही, आणि म्हणूनच सकाळी आठवत नाही. वाईट स्वप्नं पडतात ती बहुतेक रात्रीच्या उत्तरार्धात. तेव्हा मूल खरंच जागं होतं, घाबरलेलं असतं आणि त्याला आई हवी असते.

आईला मी हेच दोन-तीनदा सांगितलं. ताई, पावणेअकराला तो तुम्हाला ढकलतो तेव्हा तुम्हाला नाकारत नसतो. तुम्ही तिथे आहात हे त्याच्यापर्यंत पोचलेलंच नसतं. आणि या ओरडण्याचा पुढे मनावर काही घाव राहत नाही, बहुतेक मुलांचं हे वाढत्या वयात आपोआप थांबतं. ती बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिली.

तेवढ्यात आजींना आठवलं. “याचा बापही लहानपनी झोपेत उठून आंगनात जाऊन बसे जी.” बाबांना स्वतःला हे माहीतच नव्हतं! झोपेत चालणं आणि हे किंचाळणं, दोन्हींचं मूळ गाढ झोपेतच असतं, आणि घराण्यात ते पुष्कळदा चालत येतं.

मग मारबतीचं काय? मी त्या दिवसाचा क्रम विचारला. सकाळी लवकर उठवलं, दुपारभर गर्दी, झोप नाही. संध्याकाळी लाकडी नंदी ओढत गल्लीभर बोजारा, म्हणजे घरोघरी मुलांना मिळणारा खाऊ-पैसा, गोळा केला. रात्री साडेदहाला झोपला. इतकं थकलेलं मूल जास्तच गाढ झोपतं आणि नेमकं त्यातूनच असं उठतं. पुढे जे झालं ते ऐकून मला फार वाईट वाटलं, कारण त्यांनी ते त्याच्या भल्यासाठीच केलं होतं. रात्री शांत झोपावा म्हणून दुपारची झोप बंद केली होती. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला दुपार धरून दिवसाला 11 ते 14 तास झोप लागते. छोटूला मिळत होती साडेनऊ.

म्हणून आधी दुपारची झोप परत आणली, जेवण झाल्यावर दीड तास. सणासुदीचे दिवस होते, घरात माणसं येत-जात होती, तरी आजींनी आतल्या खोलीचं दार लावून ती सांभाळली. रात्री साडेआठला अंथरुणात. दिवाणाऐवजी गादी खाली टाकायची. किंकाळी आलीच तर ट्यूब लावायची नाही, हलवायचं नाही, पाणी मारायचं नाही. एकाच माणसाने जवळ बसायचं, पडणार-लागणार नाही एवढं बघायचं, हळू आवाजात “मी आहे” म्हणायचं आणि थांबायचं. आईबापाला हे थांबणं किती जड जातं, ते मी जाणते. बाबांना एक काम दिलं. नेहमीच्या वेळेच्या 15 मिनिटं आधी त्याला अलगद कुशीवर वळवायचं, थोडं पुटपुटेपर्यंत, आणि पुन्हा झोपू द्यायचं. हे रोज, दोन आठवडे.

आजींनी विचारलं, नजर काढू की नको? म्हटलं, आजी, काढा. फक्त संध्याकाळी, तो जागा असताना, आणि मिरच्यांचा धूर त्याच्यापासून लांब.

पहाटेच्या स्वप्नांचं उत्तर आजींकडेच निघालं. छोटू जेवायला नाटकं करायचा तेव्हा त्या म्हणायच्या, “जेव, नाहीतर मारबत येईन.” हे सांगताना त्यांचा आवाज खाली गेला. अशा धमक्या आपल्या सगळ्यांच्याच घरात दिल्या जातात, कधी बागुलबुवाच्या, कधी पोलिसाच्या. पण दोन-अडीच वर्षांच्या मुलाला गोष्ट कुठे संपते आणि खरं कुठे सुरू होतं, हे कळत नाही. मी त्यांना म्हटलं, आजी, आपण मिरवणुकीत काय ओरडतो? “ईडा, पीडा घेऊन जा गे मारबत.” ती न्यायला येते, खायला नाही. हे त्याला कोणी सांगितलंय का?

दुसऱ्या दिवसापासून आजींनी ती गोष्ट सुरू केली. मारबत मोठी का, तर तिला सगळ्या गावाचे आजार उचलायचे असतात म्हणून. आठवड्याभराने छोटू आंघोळीच्या बादलीवर मग आपटत ओरडत होता, “खोकला घेऊन जा गे मारबत! डास घेऊन जा गे मारबत!” पहाटे तो कधी उठलाच, तर आई त्याला जवळ घ्यायची, पाठ थोपटायची, मंद दिवा लावून खोली दाखवायची. तेव्हा हे सगळं हवंच असतं.

तिसऱ्या आठवड्यात कालनिर्णयावर पुन्हा फक्त दुधाचा हिशेब उरला.

दिवाळीनंतर आईचा फोन आला. गोंदियाहून एक लग्न आटपून रात्रीच्या गाडीने परतले होते, छोटू साडेअकराला झोपला आणि पाऊण वाजता किंचाळला. बाबा बटणाकडे धावले, तर तिने त्यांचा हात धरला. “मी बाजूला बसून राहिली मॅडम. सहा मिनिटं. मग तो माझ्याच मांडीवर डोकं ठेवून झोपला.”