फोर्ट्रानमध्ये पुढे काय येतंय, आणि ती आत्ता शिकावी का?

फोर्ट्रान ही शास्त्रीय आकडेमोडीची जुनी प्रोग्रामिंग भाषा नव्याने उभी करायचे प्रयत्न चाललेत, त्यात पुढे काय येणार आणि आत्ता शिकायला घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. मी हवामानाच्या मॉडेलच्या कोडमध्ये रोज काम करतो, म्हणून तिथून जे दिसतं तेच सांगतो.

माझं सगळं लक्ष जेनेरिक्सकडे, म्हणजे एकदाच लिहिलेला कोड कुठल्याही टाइपच्या डेटावर चालावा या सोयीकडे आहे. 1957 साली आयबीएम 704 साठी आलेल्या या भाषेत सॉर्टिंगचं एकच रूटीन आजही इंटिजरसाठी (पूर्णांकांसाठी) वेगळं, सिंगल प्रिसिजनच्या दशांश संख्यांसाठी वेगळं, जास्त अचूक अशा डबलसाठी वेगळं लिहावं लागतं. फोर्ट्रान-लँग या ऑनलाइन समुदायातल्या मंडळींनी नवी स्टँडर्ड लायब्ररी लिहायला घेतली, तर तिथेही हीच अडचण. तिच्या बिल्डमध्ये आधी पायथनमध्ये लिहिलेला एक प्रीप्रोसेसर चालतो, तो एकाच मजकुरातून प्रत्येक टाइपसाठी एकेक प्रत काढतो आणि मग कोड मशीनच्या भाषेत बदलणाऱ्या कंपायलरची पाळी येते. एरर आली की ती नेमकी कुठल्या ओळीची, हे शोधण्यात जीव जातो.

फोर्ट्रान 2023 चं स्टँडर्ड, म्हणजे भाषेचे अधिकृत नियम, आलं. त्यापुढच्या आवृत्तीचं कामचलाऊ नाव 202वाय, आणि तिच्यात टेम्प्लेट्स, म्हणजे जेनेरिक्स लिहायचे साचे, हाच गाभा आहे. टाइपवर कुठल्या क्रिया चालल्या पाहिजेत हे टेम्प्लेटमध्येच आधी जाहीर करायचं, म्हणजे चूक तिथल्या तिथे पकडली जाते. मला ही रचना फार आवडली. पण स्टँडर्ड छापून आलं म्हणजे कंपायलरमध्ये आलं असं नाही. 2003 च्या स्टँडर्डमधल्या काही सोयींसाठीसुद्धा आम्ही वर्षानुवर्षं थांबलोय.

म्हणून कंपायलरांवर नजर ठेवा. एलएलव्हीएम या कंपायलर प्रकल्पाचा फ्लँग हा फोर्ट्रान कंपायलर 2025 मध्ये आपल्या नावातला ‘न्यू’ टाकून अधिकृतपणे पुढे आला. ओंद्रेई चेर्टिक यांनी सुरू केलेला एलफोर्ट्रान हा कंपायलर अजून घडतोय, पण त्यात ज्युपिटर या ब्राउझरमधल्या नोटबुकमध्ये एकेक ओळ चालवून बघता येते. विद्यार्थ्यांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

आता शिकण्याचं. पायथनची शास्त्रीय लायब्ररी सायपाय आपला जुना फोर्ट्रान कोड काढून सी भाषेत लिहितेय, तेव्हा सर्वसाधारण नोकरीसाठी ही भाषा घेऊ नका. हवामान, सागरशास्त्र, भौतिकशास्त्र यांत जायचं असेल तर जरूर घ्या. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने 6 किलोमीटरच्या ग्रिडवर उभारलेली भारत फोरकास्ट सिस्टीम ही हवामान अंदाजाची प्रणालीही याच परंपरेतली आहे. टेम्प्लेट्सची वाट बघत बसू नका. जीफोर्ट्रान हा मोफत कंपायलर आणि एफपीएम हा पॅकेज मॅनेजर टाका, फ्री-फॉर्ममध्येच (ओळीत ठराविक रकान्यांचं बंधन नसलेल्या पद्धतीत) लिहा आणि प्रत्येक मॉड्यूलच्या सुरुवातीला ‘इंप्लिसिट नन’ घाला. नाहीतर टाइप न सांगितलेलं ‘एन’ गुपचूप इंटिजर होतं आणि ‘एक्स’ रिअल.