व्यस्त प्रमाण: प्रमाण कशात गुंतले आहे?

जुळे सोलापुरातल्या एका पालकांनी विचारले आहे: "मुलीच्या आठवीच्या गणितात 'व्यस्त चलन' आहे, आम्ही 'व्यस्त प्रमाण' शिकलो. बरोबर काय? आणि व्यस्त म्हणजे कामात असलेला ना? मग तो गणितात कुठून आला?"

गणितात तो पूर्वीपासूनच आहे. उपरा आहे तो 'साहेब मीटिंगमध्ये व्यस्त आहेत' मधला. हिंदीतून आलेला हा व्यस्त ऐकून ऐकून कान किटले!

संस्कृतात अस् म्हणजे फेकणे. ('असणे'चा अस् निराळा.) फेकायचे ते अस्त्र. वि लागून झाले व्यस्त: इकडेतिकडे फेकलेले, विस्कटलेले, उलटेपालटे. 'घर अस्ताव्यस्त पडलंय' म्हणताना आपण हाच अर्थ वापरतो. एकत्र आणलेले ते समस्त. गड्ड्याच्या यात्रेत 'समस्त भक्तगण' म्हणतात, त्या समस्तचा व्यस्त हा सख्खा भाऊ, फक्त तोंड उलट्या दिशेला. न्यास, समास, अभ्यास, विपर्यास सगळे याच घरातले. आणि व्यास! वर्तुळात एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फाकलेला तो व्यास, वेदांची विभागणी करणारे तेही व्यास. माझे तर ठाम मत आहे की वर्तुळाचा व्यास आणि व्यस्त प्रमाण एकाच तासाला शिकवावेत. मुले दोन्ही शब्द विसरणार नाहीत.

काही जाणकार समर्थन करतात की दहा कामांत विखुरलेला माणूस तो व्यस्त, म्हणून हा अर्थही मुळाला धरूनच आहे. हिंदीत असेल. मराठीत गर्क, मग्न, गढलेला, गुंतलेला असताना ही उसनवारी कशाला? साधे 'कामात आहे' म्हटले तरी भागते. नव्या कोशात अर्थ नोंदवला म्हणजे तो मराठीत मुरला, हेही मला मान्य नाही.

नुकसान गणितात होते. तीन माहीत राशींवरून चौथी काढायची रीत म्हणजे त्रैराशिक. आर्यभटीयात (इ.स. 499) त्या तीन राशींना प्रमाण, फल, इच्छा अशी नावे आहेत. पाव किलो शेंगाचटणी 100 रुपयांना, तर 600 ग्रॅम केवढ्याला? फलाला इच्छेने गुणा, प्रमाणाने भागा: 100 × 600 ÷ 250, म्हणजे 240 रुपये. आता चादरींची एक ऑर्डर 6 मागांवर 10 दिवसांत निघते, तर 4 मागांवर किती दिवस? पोरे तीच रीत लावतात आणि उत्तर सात दिवसांच्या आत येते. माग कमी केले आणि माल लवकर निघाला! भास्कराचार्यांनी लीलावतीत (1150) स्पष्ट सांगितले आहे: इच्छा वाढली की फल घटते, तिथे व्यस्त त्रैराशिक. गुणणारा आणि भागणारा जागा बदलतात. 10 × 6 ÷ 4, म्हणजे 15 दिवस. ही अदलाबदल 'व्यस्त' या शब्दातच सांगितलेली आहे, पण मुलाच्या कानाला त्याचा एकच अर्थ माहीत: साहेब भेटणार नाहीत.

राहिले प्रमाण की चलन. दोन्ही बरोबर. एक राशी बदलली की दुसरी कशी बदलते ते चलन. मुलीला पुस्तकातला शब्द लिहू द्या.